दिसेल तेवढंच

आकाश नसलं की आमच्या सरांना शिकवता येत नसे. ढग भरून आले की ते सकाळी घरापुढच्या ओटल्यावर येऊन उभे राहायचे, मान वर करून एकदा बघायचे आणि फाटकाशी जमलेल्या आम्हा मुलांना जाहीर करायचे, "आज आकाश नाही. जा घरी." बडोद्याच्या कारेलीबागेत तेव्हाही दर दोन बंगल्यांआड ट्यूशन क्लास होता. बाकीच्यांकडे लाईट गेले तरी मेणबत्त्या लावून शिकवणी चालायची. आमच्याकडे मात्र भर दिवसा, नुसतं आभाळ आलं म्हणून सुट्टी. आमचे आईबाप वैतागायचे आणि आम्ही सरांवर जीव टाकायचो.

कारण साधं होतं. सरांचा मायक्रोस्कोप त्यांच्या आजोबांचा, संस्थानाच्या वेळचा. पितळी, जड, लाकडी पेटीत बसणारा. त्याला बल्ब नव्हता. खाली एक गोल आरसा होता, तो फिरवून आकाशाचा उजेड वर घ्यावा लागे. "सूर्याकडे नाही, आकाशाकडे," हे सर दर नव्या मुलाला आरसा हातात देण्याआधी म्हणायला लावायचे. उजेड सरकेल तसं स्टूल सरकायचं. सुरुवातीला ते दाराशी असायचं, मग पायऱ्यांशी, आणि क्लास संपता संपता थेट शेजारच्या पटेलकाकांच्या स्कूटरपाशी. पटेलकाका रोज त्या वेळेला आपणहून बाहेर येत आणि "हटावुं ने, मास्तर?" असं विचारत स्कूटर मागे घेत. कुणीतरी एकदा सरांना चांगला टेबललॅम्प आणून दिला होता. तो सरांनी काकूंना भरतकामाला देऊन टाकला.

हे सर गेल्या थंडीत एका सकाळी हरणीला माझ्या लॅबमध्ये आले. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लोकांच्या शरीरातल्या पेशी काचेवर घेऊन त्या बघायच्या आणि काय दिसलं ते लिहून द्यायचं, हे माझं काम. सरांच्या मागे काकू होत्या, हातात पिशवी. मला वाटलं साखर तपासायला आले असतील.

"काय ग, मजामां?" सर म्हणाले.

"मजामां, सर. तुम्ही?"

"मी पण मजामां. ही एवढी गाठ सोडली तर." आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून मान वर केली.

गळ्याच्या डाव्या बाजूला, लिंबाएवढी. ते आवंढा गिळायचे तेव्हा ती वरखाली व्हायची. त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती की सुईने पेशी काढून बघा. चिठ्ठी वाचताना माझा चेहरा बदलला असणार, कारण सर लगेच मास्तर झाले.

"एक अट आहे. स्लाइड तयार झाली की आधी मी बघणार. मग तू. आणि माझं बघून होईपर्यंत तू काही बोलायचं नाही."

"सर, असं नसतं इथे."

"का नसतं? पेशी कुणाच्या?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पिशवी खुर्चीवर ठेवली. "तू वाद घालू नको बेटा," त्या म्हणाल्या. "माझा रिक्षात घालून झालाय."

मला भीती वाटत होती. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, हे मी रोज दहा माणसांना सांगते आणि ते खरंही असतं. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, आणि उरलेल्याही माझ्याच टेबलावरून जातात. अनोळखी माणसाची स्लाइड असली की मी शांतपणे बघते. इथे समोर तो माणूस बसला होता ज्याने मला मुळात बघायला शिकवलं.

सुई टोचली तेव्हा सरांनी हूं की चूं केलं नाही. काढलेला थेंब मी काचांवर पसरला, सुकवला, आणि काचा रंगात ठेवल्या. पेशींना रंग चढेपर्यंत थांबावंच लागतं. सर गळ्यावर चिकटपट्टीने लावलेला कापूस दाबून बसले आणि भिंतीवरचं चित्र बघायला लागले. औषध कंपनीने दिलेलं, पेशीचं मोठं रंगीत चित्र. त्यांच्या कपाळाला आठी पडलेली बघून मला एकदम बरं वाटलं. ही आठी माझ्या ओळखीची होती.

पेशीच्या छापील चित्रावर सरांचा राग होता. आमच्या पुस्तकात दोन पेशी शेजारी शेजारी काढलेल्या असायच्या, एक झाडाची, एक प्राण्याची. झाडाची चौकोनी, प्राण्याची गोल, आणि दोन्हींच्या पोटात बाणांची गर्दी. इथे केंद्रक, इथे तंतुकणिका, इथे रिक्तिका. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती, म्हणून प्रत्येक भागाची आम्हाला तीन तीन नावं पाठ होती. सर म्हणायचे, "नावं तीन, आणि बघितलंय एकानेही नाही." परीक्षेत ते चित्र काढायला त्यांची हरकत नव्हती, मार्क तर हवेतच. पण त्यांच्या ओटल्यावर वही उघडली की एकच नियम होता. दिसेल तेवढंच काढायचं. दिसत नाही ती जागा कोरी सोडायची. गुजराती मुलांना ते तेच वळवून सांगत, "देखाय एटलुं ज दोरवानुं. बराबर जो."

मी अकरावीत त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले त्या दिवशी आकाश होतं. कांद्याची पाकळी मोडून तिच्या आतल्या बाजूचा पापुद्रा कसा ओढायचा ते त्यांनी दाखवलं. तो पाण्यात तरंगत ठेवायचा, काचेवर घ्यायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि वर ती नखासारखी पातळ कव्हरस्लिप ठेवायची. ती धप्पकन टाकायची नाही. एक कड आधी टेकवायची, मग सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणायची. "शेजारी बाळ झोपलंय असं समज," सर म्हणाले. कशाचीही तुलना कशाशी न करणाऱ्या सरांची मला आठवणारी ही एकुलती एक तुलना.

मी धप्पकन टाकली. मग डोळा लावला, आणि काय सांगू, इतकं सुंदर काही मी तोवर बघितलंच नव्हतं! मधोमध एक भलामोठा गोल, भोवती काळीभोर जाड कड, आतून लख्ख. बाकीच्या फिकट चौकोनांकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. तो गोल मी मन लावून काढला, काळी कड शिसपेन्सिलने घोटून घोटून रंगवली आणि बाजूला बाण काढून लिहिलं, केंद्रक.

सरांनी वही घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि सगळ्यांना दाखवली. "पहिलं बक्षीस," ते म्हणाले. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी निघाली आणि माझ्या ओंजळीत मूठभर खारी सिंग पडली. बडोद्यात खारवलेले शेंगदाणे सगळेच खातात, पण सरांच्या खिशात ती पुडी चष्म्यासारखी कायम असायची. मी सगळ्यांसमोर ऐटीत एकेक दाणा सोलून खाल्ला. शेवटचा दाणा तोंडात गेल्यावर सर म्हणाले, "आता तो बारीक स्क्रू फिरव. काय होतं?"

"कड जाड होते सर. आता बारीक झाली."

"आणि आत काय दिसतं?"

"काहीच नाही."

"मग तो हवेचा बुडबुडा आहे."

सगळे फिदीफिदी हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, "मग बक्षीस कशाला दिलंत?" सर मुळीच हसले नव्हते. त्यांनी माझ्या शेजारच्या मुलाची वही उचलली. त्यात कांद्याच्या पेशीत सगळे बाण होते, तंतुकणिकासुद्धा, पुस्तकातल्यासारख्या, दोन दोन रेघांच्या. "हिला बुडबुडा दिसला, हिने बुडबुडा काढला," ते म्हणाले. "नाव चुकलं, ते सुधारता येतं. याला काहीच दिसलं नाही आणि याने सगळं काढलं. याचं मी काय करू?" तेव्हापासून दर वर्षी पहिला बुडबुडा काढणाऱ्याला बक्षीस मिळताना मी बघितलं. बाकी कुठल्याही चित्राला ते मिळत नसे, कितीही चांगलं असलं तरी.

तुलनांचं मघाशी म्हटलं. एकदा एका हुशार मुलाने उभं राहून सांगितलं की तंतुकणिका म्हणजे पेशीचं पॉवर हाउस. "हो का?" सर म्हणाले. "मग लाईट बिल कोण भरतं?" पेशीला कारखाना म्हणायचं नाही, शहर म्हणायचं नाही. कांद्याच्या पेशींना विटा म्हणणं तर सगळ्यात मोठा गुन्हा. "विटेत काय असतं? विटेत वीटच असते. यात बघ. हा मधला भाग रिकामा वाटतो ना? तो रिकामा नाही, पाण्याने भरलाय. इतका भरलाय की केंद्रकाला त्याने पार कडेला ढकललंय. तुझ्या विटेत असं कुणी कुणाला ढकलतं?" एकदा विटांची गाडी दिसली तर, तुमची शपथ, मला त्यात केंद्रक दिसत नाही याचं वाईट वाटलं होतं.

काकूंचा संसार या सगळ्यातून चालायचा. त्यांच्या घरात सालीसकट कांदा क्वचितच सापडे, आणि सापडला तरी त्याच्या आतले पापुद्रे आधीच निघालेले असत. "आमच्याकडे कांदा दोनदा सोलतात," त्या येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायच्या. औषधाच्या डब्यातलं आयोडीन कधी जागेवर नसे. कुणाचं खरचटलं की काकू ओटल्यावर येऊन आमच्या स्लाइडांमधून बाटली उचलून न्यायच्या. भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, आली की मात्र सर स्वतः जात. भाजीवालीबेन त्यांना बघून आधीच म्हणे, "मोटा वाला, मास्तर?" कारण मोठ्या कांद्याचा पापुद्रा सलग निघतो, हे तिलाही आता ठाऊक झालं होतं.

काकूंनी अजूनही माफ न केलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या लेकीला बघायला आले होते तो दिवस. मुलाचं छाणीला लेथचं छोटं वर्कशॉप. वडील ऐसपैस मिशांचे, पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते हे पहिल्या पाच मिनिटांत सांगणारे. पोहे आले. पाहुणे खाऊ लागले आणि आकाश फार चांगलं होतं. सर उठले, आत गेले आणि दात कोरायची काडी घेऊन बाहेर आले.

"जरा गालाच्या आतून हलकेच फिरवा," ते मुलाला म्हणाले.

काकूंच्या हातातला ट्रे तिरका झाला. लेक दाराआड होती, ती म्हणे तिथेच खाली बसली. मुलाने वडिलांकडे बघितलं, मग सरांकडे, आणि काडी घेऊन गालातून फिरवली. सरांनी ती काचेवर पुसली, निळा रंग टाकला आणि सगळ्यांना ओटल्यावर नेलं. "या बघा. माणसाच्या पेशी. झाडासारखी भिंत नाही, म्हणून चौकोनी नाहीत. भोवती नुसतं पटल, म्हणून कशाही दुमडतात. मधला निळा ठिपका केंद्रक. छान आहेत." वडिलांनी आपला गाल द्यायला साफ नकार दिला. आमच्या घराण्यात कुणी गालाला हात लावू दिलेला नाही, असं काहीसं ते म्हणाले. मुलगा मात्र डोळा लावून बसला तो उठेना. शेवटी म्हणाला, "सर, हा बारीक स्क्रू सरकतोय. आटे झिजलेत."

"गेली कित्येक वर्षं," सर म्हणाले.

"हुं बनावी आपुं," तो मुलगा म्हणाला. घाबरला की तो गुजराती बोलतो, हे मागाहून कळलं. पुढच्या रविवारी तो एकटाच आला, खिशातून रुमालात गुंडाळलेला नवा पितळी स्क्रू काढला आणि बसवून दिला. लग्न ठरलं ते त्या दिवशी. काकू म्हणतात, स्क्रूशी ठरलं. लेक आणि जावई मजेत आहेत, आणि तो स्क्रू अजून सरकलेला नाही.

ओटल्याच्या कडेला एक कुंडी होती, वरून हिरव्या आणि पाठीकडून जांभळ्या पानांची. त्या पानाचा पापुद्रा काढला की भिंगाखाली प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसे. सर विचारत, "पुस्तकात भिंतीच्या आत आणखी एक पटल आहे. दिसतं का?" दिसत नसे. "मग कोरं सोडा." आम्ही कोरं सोडायचो. मग ते खिशातली सिंगची पुडी काढून तळाशी उरलेलं मीठ दोन थेंब पाण्यात कालवायचे आणि कव्हरस्लिपच्या कडेने आत सोडायचे. बघता बघता तो जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत आक्रसायचा. चौकोन तसाच राहायचा आणि आत जांभळी पोटली वेगळी व्हायची, तिला तिची स्वतःची कड असायची. "आता काढा," सर म्हणायचे. "होतंच ते. भिंतीला चिकटून होतं म्हणून दिसत नव्हतं." मीठ टाकायच्या आधी त्यांनी कधीही, एकदाही, पटल असतं असं सांगितलं नाही. मला वाटतं मी डॉक्टर झाले ती त्या पुडीच्या तळाच्या मिठामुळे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

हल्लीची मुलं भिंगाला मोबाइल लावून फोटो काढतात. सर अजूनही कॉलनीतल्या दोनचार जणांना शिकवतात, तेव्हा म्हणतात, "मोबाइलला दिसलं. तुला काय दिसलं?"

लॅबमधल्या टायमरची घंटी वाजली. काचांना रंग चढला होता. मी त्या धुतल्या, सुकवल्या. आता फक्त कव्हरस्लिप ठेवायची होती. हे काम मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केलंय की हाताकडे बघतसुद्धा नाही. त्या दिवशी बघितलं. कड टेकवली, सुई लावली, आणि माझ्या मनात आलं की या काचेवर जे आहे ते वाईट असलं तर मला आज ते यांच्या तोंडावर सांगावं लागेल. कव्हरस्लिप निसटली आणि खाली बसली. दुसरी करायला हवी होती. पण सर उठून मायक्रोस्कोपपाशी येऊन बसलेही होते.

"यात उजेड कुठला?" त्यांनी विचारलं.

"आतच बल्ब आहे, सर."

"म्हणजे आकाश नाही," ते म्हणाले, आणि डोळा लावला.

कागद पेन्सिल त्यांनी घरून आणली होती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आम्ही ओटल्यावर बसायचो तशी. सर बघत होते, काढत होते. त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्याची झालीय, दुसऱ्याची व्हायचीय. एक डोळा मिटून ते बराच वेळ एकाच जागी थांबले. पेन्सिल थांबली. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि न बघता काकूंच्या दिशेने हात पुढे केला. काकूंनी तो धरला. आयुष्यात मी त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं बघितलं नव्हतं.

"बघ," सर मला म्हणाले. आवाज कोरडा होता. "हे बाकीच्यांसारखं नाही. बाकीचे ठिपके बारीक आहेत. हे मोठं आहे, काळं आहे. मला जे दिसलं ते मी काढलंय. तू खोटं सांगू नकोस."

मी कागद हातात घेतला. मधोमध एक भलामोठा गोल. भोवती काळीभोर जाड कड, पेन्सिलने घोटून घोटून रंगवलेली. आत कोरं.

मला हसू फुटलं. आवरेना. काकू घाबरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि सरांच्या कपाळाला ती आठी पडली.

"हसतेस काय?"

"सर," मी म्हटलं, "तो बारीक स्क्रू फिरवा. काय होतं?"

ते सावकाश वळले, डोळा लावला, स्क्रू फिरवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. पाठमोऱ्या सरांचे खांदे हळूहळू खाली आलेले मला दिसले.

"कड जाड होते," ते भिंगातच बघत म्हणाले. "बारीक होते."

"आणि आत?"

"काही नाही."

"काय आहे? वाईट आहे का?" काकू म्हणाल्या.

"बुडबुडा आहे," सर म्हणाले.

पण बुडबुडा आहे एवढ्याने काही सुटत नाही, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. सर उठले, मला जागा दिली आणि स्वतः माझ्या स्टुलावर जाऊन बसले, हात गुडघ्यांवर. मी बुडबुडा बाजूला सारला आणि काच सरकवत निघाले.

"मनात जमवून सांगू नकोस," सर मागून म्हणाले. "दिसेल तसं सांग."

"पेशी एकमेकींना लागून बसल्यात," मी म्हटलं. "एकाच थरात. एकावर एक चढलेल्या नाहीत. मापाने सारख्या. केंद्रकं गोल आहेत, मधोमध आहेत, एकसारखी आहेत. कडा साफ. मागे सगळीकडे निळसर पातळ थर आहे, तो गळ्याच्या या ग्रंथीत असायलाच हवा."

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"बघू दे तिला," सर म्हणाले. "अजून काचा आहेत."

मी सगळ्या काचा बघितल्या. प्रत्येकीचा कोपरा न् कोपरा. एरवी मी इतकं बघत नाही असं नाही, पण एरवी माझे डोळे असे भरून येत नाहीत, आणि भरलेल्या डोळ्यांनी भिंगातलं दिसत नाही, म्हणून दोनदा थांबून पुसावे लागले. शेवटची काच झाल्यावर मी वळले.

"मला वाईट काही दिसत नाही, सर."

"दिसत नाही, की नाही?"

हा प्रश्न त्यांच्याशिवाय कुणी विचारला नसता. "जेवढं आलंय तेवढं सगळं बघितलं," मी म्हटलं. "त्यात कॅन्सरची एकही पेशी नाही. साधी गाठ आहे. डॉक्टर सोनोग्राफी करून अधूनमधून लक्ष ठेवतील. आज मी एवढंच सांगू शकते."

"हां," सर म्हणाले, आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "असं सांगावं."

काकूंनी पदराने आधी डोळे पुसले, मग काही कारण नसताना माझं टेबल पुसलं. "मी यांना सकाळपासून सांगतेय, काही नसणार," त्या म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ."

"तू बघितलं नव्हतंस," सर म्हणाले.

मला काय सुचलं कोण जाणे. मी बाहेर माझ्या केबिनमध्ये गेले. टेबलाच्या खणात खारी सिंगची पुडी असते, अकरावीपासून माझ्या खणात ती असतेच. ती घेऊन आले, दोघांनाही लॅबमधून बाहेर बोलावलं, आणि सरांना म्हटलं, "ओंजळ करा."

"कशाला?"

"पहिलं बक्षीस."

सरांनी ओंजळ केली. मी मूठभर दाणे ओतले. ते दाण्यांकडे बघून हसले. पहिल्या दिवशी ओटल्यावर सगळे हसले होते तेव्हा न हसलेले सर, आत्ता हसले, गळ्यावरचा कापूस गळून पडेपर्यंत. हसून झाल्यावर त्यांनी एक दाणा सोलला, तोंडात टाकला आणि विचारलं,

"कव्हरस्लिप कुणी ठेवली होती?"

"मी."

"हात थरथरला?"

"हो, सर."

त्यांनी ओंजळीतल्या दाण्यांचे अंदाजाने दोन भाग केले आणि एक माझ्या हातात दिला.

"मग निम्मं तुझं," सर म्हणाले.